एका ओळीत पश्चिम

"अहो आटोपशीर, तुम्ही आणि इथे? वाट चुकलात की काय?"

जुन्या इमारतीतल्या पुरुषांच्या वॉर्डात, टेबलामागे उकिडवं बसून तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये केबल खुपसत होता, तेव्हा मोठ्या सिस्टर डोक्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"लॅबचे रिपोर्ट येत नाहीत ना तुमच्याकडे? म्हणून आलोय."

"ते केव्हापासून येत नाहीत. आणि दर वेळी तुमचं एकच, सगळं हिरवं आहे. आज कसं काय लाल झालं?"

त्यानं केबल आणखी आत दाबली. रुग्णालयाचं सगळं नेटवर्क त्याच्या हाताखाली होतं आणि 'आटोपशीर' हे नाव त्याला त्याच्या कामावरूनच पडलं होतं. शर्ट इस्त्रीचा, टेबलावर चिटोरं नाही, आणि राउटरचं कोष्टक, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या वाटेनं याची यादी, उघडलं तर ते स्क्रीनवर एका नजरेत मावलं पाहिजे. दुसऱ्या रुग्णालयांतले लोक आपली लांबच लांब कोष्टकं दाखवायचे तेव्हा हा गालातल्या गालात हसायचा. एखाद्याला घर झाडल्यावर जसं बरं वाटतं, तसं त्याला ओळी कमी केल्यावर वाटायचं.

आज मात्र तो नाइलाजानं आला होता. रिपोर्ट पाठवत नाही म्हणून लॅबमधली बाई कामावरून काढली गेली. तिच्या जागी नवी मुलगी आली, चटपटीत, कॉम्प्युटर शिकलेली. आणि तरीही जुन्या इमारतीत रिपोर्ट येईनात. खापर फोडायला माणूस बदलला आणि मडकं तेवढं तसंच गळत राहिलं, असा प्रकार. काढलेली बाई त्याची वहिनी होती.

त्यानं लॅपटॉपवरून लॅबच्या मशीनला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही.

हीच हाक त्यानं आपल्या खोलीतून कितीतरी वेळा मारली होती आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं होतं. पण त्याची खोली नव्या इमारतीत, लॅबही नव्या इमारतीत, आणि दोन इमारती म्हणजे नेटवर्कचे दोन वेगळे भाग. एकाच भागातले राउटर एकमेकांना ओळखतात, त्यांच्याकडे आपल्या भागाचा पुरा नकाशा असतो, गल्लीबोळांसकट. दुसऱ्या भागाचं मात्र त्यांना फक्त ऐकीव माहीत असतं, तेही दोन भागांच्या वेशीवरचा राउटर जेवढं सांगेल तेवढंच. म्हणजे आपल्या खुर्चीत बसून त्यानं जी तपासणी केली होती, ती घरातल्या घरात हाका मारून टपाल पोचतंय का बघण्यासारखी होती. आजवर तो उंटावरून शेळ्या हाकत होता आणि जुन्या इमारतीत येण्याचे कष्ट त्यानं घेतले नव्हते. मध्ये एक अंगण होतं, बस्स.

हाक जाते कुठे, ते त्यानं टप्प्याटप्प्यानं बघितलं. वॉर्डातून निघाली, जुन्या इमारतीच्या, म्हणजे पश्चिम भागाच्या, वेशीवरच्या राउटरपर्यंत नीट गेली. तिथून तिनं पूर्वेकडे, नव्या इमारतीकडे, निघायला हवं होतं. ती वेस ओलांडून बाहेर पडलीच नाही, तिथेच संपली.

तो खाली फरशीवरच बसला.

"काय हो? चक्कर आली का?" सिस्टरनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यानं तो घेतला आणि नुसताच हातात धरून ठेवला. सगळं एकदम उलगडलं होतं, आणि उलगडताना त्याच्याच अंगावर येत होतं.

लॅब पूर्वी जुन्या इमारतीत होती, पश्चिम भागात. नव्या इमारतीत हलवताना तपासणीच्या मशीनचे पत्ते बदलायचे, तर मशीन सगळी नव्यानं लावावी लागली असती. म्हणून पत्ते जुनेच ठेवले. माणूस पूर्वेला राहायला गेला आणि दारावरची पाटी पश्चिमेची घेऊन गेला, तसं. त्या वेळी काही बिघडलं नाही. पश्चिमेचा वेशीवरचा राउटर सगळ्यांना सांगायचा, या आकड्यानं सुरू होणारे सगळे पत्ते माझ्याकडे. आणि पूर्वेचा हळूच सांगायचा, त्यातला हा एवढा लॅबचा तुकडा मात्र माझ्याकडे बरं का. मोघम सांगणं आणि नेमकं सांगणं यात नेमकं जिंकतं, असा नियम आहे. त्यामुळे सुरळीत चाललं होतं.

मग एके दिवशी आटोपशीरनं आवराआवर काढली. पूर्वेच्या वेशीतून किती फुटकळ ओळी बाहेर येतात, हे त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. त्यानं हुकूम दिला, पूर्वेची एक मोठी ओळ तेवढी बाहेर जाऊ दे, बाकी बारीकसारीक सगळं आत अडव. लॅबचा तुकडा त्या मोठ्या ओळीत बसत नव्हता. बसणार कसा, त्याचे आकडे पश्चिमेचे! तो आत अडला. त्या दिवसापासून पूर्व भागाबाहेरच्या जगासाठी लॅब पश्चिमेला होती, कारण पश्चिमेची आरोळी चालूच होती, सगळं माझ्याकडे, सगळं माझ्याकडे. त्या समरीच्या, म्हणजे सगळ्यांना मिळून सांगितलेल्या एका मोघम ओळीच्या, पोटातला एक पत्ता जरी जिवंत असला तरी ती आरोळी थांबत नाही. आणि प्रत्यक्ष दारात काही आलं, आत ते घर सापडलं नाही, की वेशीवरचा राउटर ते निमूट टाकून देतो. तक्रार नाही, लाल दिवा नाही. कोष्टक एका स्क्रीनवर मावलं म्हणून त्या संध्याकाळी त्यानं स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

नव्या इमारतीतल्या वॉर्डांना रिपोर्ट मिळत राहिले. जुन्यांना मिळेनात, कारण त्यांच्याकडून 'मिळतंय, पाठव' ही पोच लॅबकडे परत येईना, आणि पोचेशिवाय मजकूर सुटत नाही. मग लोक म्हणणारच की, बाई निवडून निवडून पाठवते.

त्यानं तिथूनच पूर्वेच्या राउटरवर शिरून लॅबची ओळ पुन्हा बाहेर सोडली. काम केवढंसं! पाण्याचा ग्लास अजून त्याच्या हातातच होता.

आणि वॉर्डातला प्रिंटर सुरू झाला.

लॅबच्या कॉम्प्युटरची रीत अशी होती की रिपोर्ट पाठवायच्या रांगेत ठेवला की तो 'पाठवला' म्हणायचा आणि हिरवी खूण दाखवायचा. पुढे पोचला की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसे. न पोचलेला रिपोर्ट तो रांगेत जपून ठेवायचा आणि अधूनमधून परत ढकलून बघायचा. आता वाट मोकळी झाल्याबरोबर सगळी तुंबलेली रांग धावत आली. कागदांवर कागद पडू लागले. घरी गेलेल्यांचे, बरे झालेल्यांचे, कधीच दुसरीकडे हलवलेल्यांचे.

"थांबवा हो हे, माझे कागद संपतील," असं म्हणत मोठ्या सिस्टर एकेक कागद उचलत होत्या. एका कागदाशी त्या थांबल्या.

"हे तर खिडकीजवळचे आजोबा."

त्यानं कागद हातात घेतला. रक्तातलं पोटॅशियम, जीव जाईल एवढं वाढलेलं. खाली पाठवल्याची वेळ होती, आणि ती वेळ आजोबा गेले त्याच्या कितीतरी आधीची होती. त्या वेळेपुढे वहिनीची खूण होती.

सिस्टरनी हातातले बाकीचे कागद टेबलावर ठेवले. त्यांनीच चौकशीत सांगितलं होतं की लॅबकडून काही आलं नाही. खरंच आलं नव्हतं.

कागद घडी न घालता त्यानं लॅपटॉपच्या पिशवीत सरकवला आणि अंगण ओलांडून आपल्या खोलीत गेला. वाटेत त्याला जेवणाचं टेबल आठवत राहिलं.

भाऊ गेल्यावर वहिनी वरच्या मजल्यावर आणि तो खालच्या, असं त्यांचं राहणं होतं. त्यानं लग्न केलं नाही, जेवायला वर जायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत होता. त्याच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी तिनं लॅबमध्ये नोकरी धरली आणि मग ती नोकरी तिला लागूनच राहिली. घरात तिच्याइतका कमी बोलणारा माणूस नव्हता. तरी तिनं सांगितलं होतं. वाढता वाढता सांगितलं होतं.

"भाऊजी, जुन्या इमारतीतून सारखे फोन येतात. रिपोर्ट मिळत नाहीत म्हणतात. मी तर पाठवते."

"पाठवल्याची खूण येते ना?"

"येते."

"मग झालं तर. ते लोक स्क्रीन बघत नसतील."

पुन्हा एकदा म्हणाली, "काहीतरी पाणी मुरतंय भाऊजी. तुम्ही एकदा येऊन बघा ना." तो म्हणाला, "वहिनी, मी बघितलं, लिंक चालू आहे. तूच घाईत चुकीचा वॉर्ड निवडत असशील." तिनं भाजी वाढली आणि विषय सोडला. नव्या पद्धतीत फोन करायची मनाई होती. सगळं स्क्रीनवर, असा रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांचा हुकूम. फोन केला म्हणून तिला एकदा बोलणीही बसली होती.

मग आजोबा गेले आणि चौकशी बसली. त्याला फक्त एकच गोष्ट विचारली गेली, नेटवर्क चालू होतं का? त्यानं लिहून दिलं, 'लिंक पूर्णपणे सुरळीत होती.' एक ओळ. सख्ख्या दिराचीच साक्ष म्हटल्यावर समितीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या आठवड्यात वहिनी घरी बसली.

आणि मग आजोबांची मुलगी आली होती. खाली रस्त्यावर उभी राहून ती वरच्या खिडकीकडे बघत ओरडत होती, अख्खी आळी गोळा झाली होती. "आळशी बाई! दोन बोटं हलवायची होती तुला! माझा बाप खाल्लास!" वहिनी खिडकीत उभी राहिली, मागे सरली नाही, उलट बोलली नाही. तो खालच्या मजल्यावर दाराला आतून कडी लावून बसला होता. तेव्हा त्याला तिची लाज वाटली होती. हे आठवून आता त्याच्या कानशिलांत आग पेटली.

तो तसाच उठून साहेबांकडे गेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कागद बघितला, परत केला.

"आता येतायत ना रिपोर्ट? उत्तम. मग अहवालात लिहा, तांत्रिक सुधारणा पूर्ण. एका ओळीत. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही त्यात वाकबगार."

"आणि वहिनी?"

"हे बघा, चौकशी बंद झालीय. घरच्यांना भरपाई दिली, त्यांनी घेतली. आता हे प्रकरण परत चव्हाट्यावर आणलंत तर पहिला प्रश्न काय येईल? ती ओळ कुणी काढली?" साहेब हसले. वाईट हसले नाहीत, काळजीनंच हसले. "तुमच्या वहिनींना आपण दुसरीकडे कुठेतरी घेऊ. नोंदणीच्या खिडकीवर वगैरे. सहानुभूती म्हणून. त्यांचंही भलं, तुमचंही."

"पण कारण 'मानवी चूक' असं लिहिलंय."

"मग खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. माणूस तेवढा बदलला होता. त्यानं उठून सांगायला हवं होतं की तो माणूस मी, आणि हे लिहून द्या. तो म्हणाला, "विचार करून सांगतो," आणि बाहेर आला. आयुष्यभर नीटनेटकं राहिलेल्या माणसाला अंगावर डाग पडण्याची एवढी भीती असते की त्यापायी तो वाटेल ते गिळतो.

वहिनी टेबलाशी भाजी निवडत बसली होती. नोकरी गेल्यापासून ती भाजी फार वेळ निवडायची.

त्यानं सांगितलं. पूर्व, पश्चिम, ओळ, सगळं. तिनं वर बघितलं नाही. कागद पुढे ठेवला तेव्हा मात्र तिनं हात पुसले आणि तो दोन्ही हातांनी धरून वाचला. वेळेवरून बोट फिरवलं.

"मी पाठवला होता," ती म्हणाली.

"हो."

"मलाच शंका यायला लागली होती, भाऊजी. रात्र रात्र वाटायचं, खरंच पाठवला ना मी? खूण बघितली ना? का दुसऱ्याच कुणाची बघितली?" तिनं कागद परत टेबलावर ठेवला, भाजीच्या देठांपासून लांब. "तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणालात, तूच चुकत असशील. मला वाटलं, असेन."

त्याला वाटलं ती रडेल. ती रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. त्यानं साहेबांचं बोलणं सांगितलं, नोंदणीची खिडकी सांगितली, सहानुभूती सांगितली.

"मला नको ती खिडकी."

"मग काय करू? तू सांग, मी करतो."

"त्या मुलीला जाऊन सांगा."

"कुठल्या?"

तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो ओशाळला, कारण कुठल्या ते त्याला माहीत होतं.

"वहिनी, ती गप्प बसणार नाही. कोर्टात जाईल. माझी नोकरी जाईल."

"जाईल," वहिनी म्हणाली, आणि पुढची जुडी सोडली. त्या एका शब्दात राग नव्हता. राग असता तर त्यानं तिची समजूत घातली असती.

आजोबांच्या मुलीचं कपडे शिवायचं दुकान होतं, अरुंद, एका बाजूला मशीन आणि दुसऱ्या बाजूला इस्त्रीचं टेबल. मध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील. ती कुणाच्या तरी पँटची लांबी कमी करत होती. वहिनीला बघितल्यावर तिचा पाय मशीनवर तसाच थांबला.

"आता काय राहिलंय?"

"यांना सांगायचंय," वहिनी म्हणाली आणि बाजूला झाली.

येताना रस्ताभर त्यानं वाक्यं जुळवली होती. तो पत्त्यांबद्दल बोलू लागला. भाग, वेस, समरी. मुलगी ऐकत होती आणि तिच्या कपाळावर आठ्या चढत होत्या.

"मला हे काही कळत नाही," तिनं त्याला तोडलं. "एवढंच सांगा. या बाईंनी पाठवला होता का?"

"हो. लगेच पाठवला होता."

"मग पोचला का नाही?"

"वाट बंद होती."

"कुणी केली?"

रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिच्यासाठी त्याला दुकानाच्या फळीला चिकटून उभं राहावं लागलं.

"मी," तो म्हणाला. "मुद्दाम नाही. पण मीच. आणि या मला सांगत होत्या, येऊन बघा म्हणून. मी आलो नाही."

"लांब होतं का?"

"नाही. अंगणापलीकडे."

मुलीनं हातातली कात्री खाली ठेवली. आता ती ओरडेल म्हणून त्यानं मान खाली घातली. ती ओरडली नाही. एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं उद्या या म्हणून सांगितलं. मग बराच वेळ ती पँटच्या दुमडलेल्या काठावर अंगठा घासत राहिली.

"मी तुमच्या दाराशी येऊन नाही नाही ते बोलले," ती वहिनीला म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

"तुमचा बाप गेला होता," वहिनी म्हणाली.

"तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"काय बोलणार? मलाच खात्री नव्हती."

मशीनजवळ एक खुर्ची होती, तिच्यावर शिवायच्या कपड्यांचा ढीग. मुलीनं तो ढीग दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर टाकला, खुर्ची तळव्यानं पुसली, दोऱ्याचे तुकडे झटकले आणि वहिनीकडे सरकवली.

"बसा."

वहिनी बसली. मुलीनं कागदासाठी हात पुढे केला. त्यानं पिशवीतून काढून दिला, तो तिनं त्याच्या हातातून घेतला आणि आकड्यांकडे बघत राहिली. त्यातलं तिला काही वाचता येत नव्हतं. मग तिनं तो वहिनीच्या मांडीवर ठेवला, स्वतः जवळ ओणवी झाली, आणि वहिनी एकेका ओळीवर बोट ठेवून तिला सांगू लागली. हे नाव. हे वय. हे मीठ असतं रक्तातलं, ते इतकं हवं आणि इतकं होतं. ही वेळ.

इस्त्रीच्या टेबलाखाली एक स्टूल होतं. त्यानं ते बघितलं, आणि त्यानं बघितलेलं मुलीनं बघितलं. ती पुन्हा कागदाकडे वळली. येणारेजाणारे त्याला धक्का देत होते, वाट अडवू नका म्हणत होते, आणि तो दुकानाच्या पायरीवर पिशवी छातीशी धरून उभा होता.